देवापुढची वाटीभर पत्ती

बसलात ना, मंडळी? मागच्या बायकांनो, जरा पुढे सरका. खांबाला टेकून डुलक्या कुठे काढता येतात ते मला चांगलं ठाऊक आहे! बाहेर धुकं उतरलंय, सगळे हात चोळताहेत, आणि मनात एकच विचार — बुवा लवकर आटोपतील तर घरी जाऊन घोटभर चहा! मग ऐका. आज चहाचंच आख्यान सांगतो.

पण आधी एक प्रश्न. घरात नवं माणूस येतं. आपण त्याच्यावर माया करतो. ती माया करायची कशी? त्याला आपल्यासारखं करून घ्यायचं, की ते जसं आहे तसं उमलेपर्यंत थांबायचं? — पहा, त्या आजी लगेच म्हणाल्या, थांबायचं! आजी, म्हणायला सोपं आहे हो. प्रमिलाकाकूही हेच म्हणाल्या असत्या.

प्रमिलाकाकू आगाशे, वाईच्या. कृष्णेच्या घाटाला लागून त्यांचं घर. मागच्या दारच्या पायरीवर बसलं की थेट नदी दिसते. थंडीच्या दिवसांत तर नदी दिसतच नाही, नुसतं पांढरं धुकं दिसतं आणि त्या धुक्यातून देवळाची घंटा ऐकू येते. काकू मायाळू. पण हाताला घाई फार! भात शिजायच्या आत झाकण काढून बघणार, दही लागायच्या आत भांडं हलवून बघणार.

त्यांचा मुलगा सौमित्र नोकरीला आसामात. तिथेच त्याने लग्न केलं. मुलीचं नाव जोनाली. ती पहिल्यांदाच सासरी आली. काकूंनी ओवाळलं, गोडाधोडाचं केलं, आग्रह करकरून वाढलं. पोर हसायची, मान हलवायची, पण बोलायची नाही. मराठी थोडं समजायचं, जीभ मात्र उचलत नव्हती. काकूंच्या जिवाला घोर लागला. चार दिवसांनी ही परत जाणार. तोवर हिला हे घर आपलं वाटलं नाही तर? पाहुणी म्हणून आली आणि पाहुणीच राहिली तर?

येताना जोनालीने एक पत्र्याचा डबा आणला होता. दोन्ही हातांनी धरून तिने तो काकूंना दिला. आत चहाची पत्ती. आपल्याकडची भुकटी नव्हे हो! लांब, काळी, वळलेली, मधूनच एखादं सोनेरी टोक. काकूंनी आपल्या घरच्या रीतीप्रमाणे केलं. नवी वस्तू घरात आली की आधी देवाला! वाटीभर पत्ती काढली, देव्हाऱ्यात बाळकृष्णापुढे ठेवली, हात जोडले आणि डबा फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काकू सगळ्यांच्या आधी उठल्या. म्हटलं, सुनेच्या माहेरचा चहा आपल्या हातचा करून तिला द्यावा. आधण ठेवलं, आलं ठेचलं, गवती चहा टाकला, पत्ती टाकली. पण रंग सुटेना! आणखी पत्ती टाकली. रंग आला तो फिक्का. काकूंना वाटलं, बिचाऱ्यांना दळायला वेळ झाला नसेल. मग काय केलं असेल? — तुम्ही केलं असतंत तेच! डबा मिक्सरच्या भांड्यात रिकामा केला, झाकण दाबलं, आणि घर्रर्र!

हसा, हसा. मीही हसलो होतो. पण पुढचं ऐका.

त्या आवाजाने जोनाली जागी झाली. स्वयंपाकघराच्या दारात आली. भांड्यात भुकटी, ओट्यावर रिकामा डबा. ती ओरडली नाही, रडली नाही. पुढे होऊन तिने तो डबा उचलला, पोटाशी धरला आणि मागच्या पायरीवर धुक्यात जाऊन बसली.

काकू गोंधळल्या. सौमित्रला उठवलं. तो आला, त्याने ते भांडं पाहिलं. मग सांगितलं. जोनालीच्या वडिलांची घरामागे चहाची चिमुकली बाग होती. ते स्वतः पानं खुडायचे, सुकवायचे, तळहातांवर वळायचे. गेल्या आश्विनात ते गेले. ही त्यांच्या हातची शेवटची पत्ती. बाग आता दुसऱ्याची झाली. तो म्हणाला, निवांतपणे तुला सांगणारच होतो गं, आई.

निवांतपणे! मंडळी, सांगायची गोष्ट आपण निवांतपणावर टाकतो आणि दळायची गोष्ट मात्र पहाटेच उरकतो.

 पोरीचा बाप आपण मिक्सरमधून काढला, असंच काकूंना वाटलं. तिच्यापुढे जायचं कोणत्या तोंडाने? त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या. समईची ज्योत धुक्यात दिसावी तशी अंधुक दिसत होती, कारण डोळे भरले होते. आणि त्या ज्योतीखाली ती वाटी! वाटीत पत्ती. अख्खी. न दळलेली.

देवापुढचं उचलावं का? अहो, नैवेद्य उचलूनच तर आपण जेवतो! काकू पदर पसरून म्हणाल्या, “कृष्णा, तुझ्याकडे ठेवायला दिलं होतं, असं समज. आता परत दे.”

त्यांनी वाटी उचलली आणि पायरीवर सुनेशेजारी जाऊन बसल्या. वाटी तिच्या मांडीवर ठेवली. जोनाली बघतच राहिली. तिने एक पान उचललं, हुंगलं आणि डोळे मिटले. काकू म्हणाल्या, “मला येत नाही गं, बाळ. तू शिकव.”

दोघी आत आल्या. किटली कुठली आगाशांच्या घरी? जोनालीने फळ्यांवर शोधलं. साखरेचं चिनी मातीचं भांडं होतं, झाकणाचं. काकूंनी साखर भसकन परातीत ओतली. जोनालीने आधी गरम पाण्याने भांडं विसळून ऊबदार केलं. कपाला एक चमचा अशी पत्ती घातली. आधणाला उकळी आली तसा गॅस बंद केला, उसळी जरा बसू दिली आणि पाणी वरून हळूच ओतलं. काकूंचा हात सवयीने आल्याकडे गेला होता, तो त्यांनीच मागे घेतला. मग झाकण.

आता? आता काही नाही. थांबायचं.

काकूंना थांबणं ठाऊकच नव्हतं! जरा वेळ गेला नाही तोच हात निघाला झाकणाकडे. जोनालीने त्या हातावर आपला हात ठेवला. घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिने सासूला आपण होऊन हात लावला होता. आणि ती गुणगुणायला लागली.

बापूसाहेब, पेटी जरा धरा. मऊ, अगदी मऊ... हां.

काकूंना शब्द एकही कळला नाही. पण चाल अशी, की दूर नदीवर कुणी नाव सोडली असावी आणि ती वल्ह्याशिवायच चालली असावी. बाहेर घंटा वाजली, धुकं खिडकीतून आत आलं, झाकणाच्या कडेने वाफेची एक रेघ निघाली. दोन बायका ओट्याशी उभ्या, हातावर हात. काकूंना वाटलं, आपल्या स्वयंपाकघरात इतकी शांतता असते हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं.

गाणं संपलं. जोनाली मोडक्या मराठीत म्हणाली, “बाबांकडे घड्याळ नव्हतं, आई. हे गाणं संपलं की चहा झाला.”

तिने झाकण उघडलं. काय तो वास! ओल्या रानाचा, उन्हात वाळत घातलेल्या गवताचा, थोडा मधाचा. वळून मिटलेली पानं तळाशी पूर्ण उलगडून पडली होती, नुकती खुडल्यासारखी. त्या वासात जोनाली रडली. हमसून हमसून रडली, आणि काकूंनी तिला जवळ घेतलं. त्याच पानांवर तिने पुन्हा पाणी घातलं, तर पुन्हा चहा झाला. सौमित्रचे वडील नाना कप हातात घेऊन म्हणाले, साखर? काकूंनी नुसतं बघितलं. नाना बिनसाखरेचाच प्यायले.

पण ती भुकटी? काकूंनी ती फळीवर मागे लपवली होती. बघवत नव्हती. दुसऱ्या दिवशी उठून बघतात तर जोनाली ओट्यापाशी! आलं ठेचलेलं, गवती चहा उकळतोय, दूध तयार, आणि त्यात ती तीच भुकटी घालतेय. काकू कळवळल्या. नको गं, म्हणाल्या, ते माझं पाप आहे.

जोनाली वळून म्हणाली, “हीही बाबांचीच आहे, आई. तुमच्या पद्धतीने करते. चुकलं तर सांगा.”

आईशप्पथ मंडळी, त्या दिवशी ती पाहुणी राहिली नाही.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या घरी कोण आलंय? सून आली असेल, जावई असेल, वरच्या खोलीत भाड्याने राहणारा परमुलखातला मुलगा असेल. आठवडा झाला नाही तोवर विचारता, अजून रुळला नाही का? रंग सुटेना म्हणून मिक्सर लावता का माणसाला? अहो, तो कुणाच्या तळहातावर वळला गेलाय, विचारलंत कधी?

ती पत्ती कधीच संपली. पण काकू आजही सकाळी झाकण ठेवून ती चाल गुणगुणतात. थोडी चुकते, मी ऐकलीय. तेवढीच मला येते, तेवढीच बापूसाहेबांना शिकवलीय. आता ते वाजवतील. टाळ खाली ठेवा. ज्याच्यासाठी थांबायचं राहून गेलं, त्याला डोळ्यांपुढे आणा. पेटी थांबेपर्यंत कुणी उठायचं नाही. आरती मग.