कात्रीत सापडलेलं वचन

बुरुल : नाही म्हणजे नाही, आगाता आपा. दादाला सांगा, गाडी वळव आणि जा.

आगाता : मी कशाला सांगू? भाऊ तुझा, तूच सांग. नारीनहून खिंड ओलांडून आलाय बिचारा. एर्मेक, फाटकात का उभा? आत ये, चहा घे.

एर्मेक : चहा नको आपा. बाबांचं अर्धं अंग गेलंय, अंथरुणाला खिळलेत. दिवसभर एकच जप, बुरुलला आण.

बुरुल : आणि दोन वर्षांपूर्वी? बाप्तिस्मा घेतला म्हणून माझी गादी अंगणात कोणी फेकली होती?

एर्मेक : बाबांनी. मी नुसता बघत उभा होतो. तेही बोलून घे, मोकळी होशील.

बुरुल : मला यायचं नाहीये का रे? पण येता येत नाही. नव्या वर्षाला ही चिठ्ठी निघालीय माझी.

एर्मेक : कसली चिठ्ठी?

आगाता : आमच्या प्रार्थनाघरातली रीत आहे. वर्षाच्या पहिल्या दिवशी डब्यात हात घालून प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची. तिच्यावर बायबलमधलं एक वचन असतं. ते वर्षभर पाळायचं.

एर्मेक : (वाचतो) 'जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करतो, तो मला योग्य नाही.' वा! म्हणजे बाप गेला खड्ड्यात.

बुरुल : असं बोलू नकोस ना! 'आईबापाचा मान राख' हेही त्याच पुस्तकात आहे. एक वाचते आणि रडते, दुसरं वाचते आणि रडते. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. शेवटी म्हटलं, देवानं माझ्या हातात दिलं तेच माझं.

आगाता : अगं वेडे, चिठ्ठ्या कोण करतं? मी! तीस वर्षं करतेय. दोन बोटांचा कागद, त्यात मावेल तेवढं लिहायचं, पुढचं-मागचं कापून टाकायचं. तुझ्या रडण्याला माझी कात्री कारण आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पोरी, पुस्तकाची नाही. घे ते बायबल इकडे. मत्तय, दहावा अध्याय. त्या ओळीच्या वरचं वाच.

बुरुल : येशू शिष्यांना गावोगाव पाठवतोय... लोक तुम्हाला पकडून देतील, भाऊ भावाला मारायला देईल, घरचीच माणसं वैरी होतील...

आगाता : म्हणजे कुठल्या दिवसाचं बोलणं आहे हे? घरचे म्हणतात, 'येशूला सोड, नाहीतर चालती हो,' त्या दिवसाचं. तो दिवस तुझ्यावर आला, तेव्हा तू सोडलंस येशूला?

बुरुल : नाही.

आगाता : मग झालं की! वचन तू तेव्हाच पाळलंस, चिठ्ठी दोन वर्षं उशिरा निघाली. आता मार्क, सातवा अध्याय.

बुरुल : 'तुम्हाला माझ्याकडून मिळायचं ते मी देवाला वाहिलंय,' असं आईबापाला सांगून हात झटकणारे... येशू चिडलाय त्यांच्यावर.

आगाता : बोलणारा तोच आहे ना? पहिला मान देवाचा, हे खरं. पण त्याचं नाव पुढे करून बापाला टाकलेलं त्याला खपत नाही. यात भांडण कुठंय?

बुरुल : आणि बाबा पुन्हा म्हणाले, त्याला सोड, तर?

आगाता : तर पुन्हा नाही म्हण, आणि त्यांची कूस बदल. एर्मेक, म्हणाले का ते तसं?

एर्मेक : छे! म्हणतात, सून शेवया कापते की घोड्याचे लगाम? बारीक शेवया बुरुलनंच कापाव्यात.

बुरुल : अंथरुणातही चोचले आहेतच!

एर्मेक : आणखी एक. सांगायला जीभ रेटत नव्हती. आता त्यांना नीट दिसतही नाही. म्हणाले, 'ज्या पुस्तकापायी पोरगी गेली ते घेऊन ये म्हणावं तिला. आहे तरी काय त्यात, ऐकू दे.'

बुरुल : बाबा म्हणाले? आपले बाबा?

एर्मेक : माझ्या लेकरांची शपथ.

बुरुल : आपा... मी कुठलं वचन वाचून दाखवू त्यांना?

आगाता : वचन नको गं. पहिल्या पानापासून वाच.