वादळानंतरची गच्ची

सून : आई, तुम्ही खाली बाळापाशी थांबा ना. मी वर एक नजर टाकून येते.

सासू : बाळ झोपलंय, बाळाची आई झोपलीय. मी काय भिंतीशी बोलू? आणि तू रात्रभर सारखी छताकडे काय बघत होतीस? मला वाटलं, नणंदेच्या काळजीनं.

सून : ताईंची काळजी होतीच. दुसरी काळजी वर गच्चीत होती. या हॉस्पिटलचं ते यंत्र मी बसवून घेतलंय.

ऑपरेटर : या मॅडम! दार धरून ठेवा, वारा अजून उतरला नाही. आजी, जपून, पायरी ओली आहे.

सासू : आजी? काल म्हणाला असतास तर कान उपटला असता. आज खुशाल म्हण. पहाटेच नात झालीय मला!

ऑपरेटर : अरे वा! मग आधी तोंड गोड करा.

सून : आधी सांगा, हललं का काही?

ऑपरेटर : तसूभरही नाही. समोरच्या इमारतीची टाकी उडून रस्त्यात पडली, नशीब खाली कुणी नव्हतं. आपलं यंत्र जागच्या जागी. बोल्टही सगळे फिरवून बघितले. एक ढिला असेल तर शपथ!

सून : अगं बाई! आई, ऐकलंत?

सासू : ऐकलं. पण एवढं धूड हलेलच कशाला?

सून : कंत्राटदारही हेच म्हणाला. ‘मॅडम, गच्चीत हत्ती बांधताय का? नुसतं ठेवलं तरी बसेल.’ पण वारा नुसता ढकलत नाही, वर उचलतोसुद्धा. छत्री कशी ओढतो?

सासू : हातातून हिसकावतो मेला.

सून : तसंच. कोपऱ्यात तर जास्तच. आणि नकाशात यंत्र नेमकं कोपऱ्यात! मी हट्टानं मध्ये आणवलं, चौकट थेट खालच्या तुळयांना जखडली. सगळे डाफरत होते माझ्यावर.

सासू : तरीच तेव्हा घरात भांडी आपटत होतीस! बरं, हे करतं काय?

ऑपरेटर : खाली ऑपरेशनच्या खोलीत गाळलेली हवा सोडतं. हे गेलं की तिथलं काम अडलं.

सासू : थांब. लेकीला रात्री घाईघाईनं नेलं, ती खोली?

सून : तीच.

सासू : वादळ ऐन भरात असताना?

सून : हो.

सासू : आणि मला बोलली नाहीस?

सून : काय बोलणार, आई? तुम्ही आधीच ताईंच्या काळजीत होतात.

सासू : ये इकडे. अशी जवळ ये. वेडी कुठली, एकटीच घेऊन बसली होतीस सगळं! दाखव बघू, कुठे जखडलंयस? हात लावू का?

सून : लावा ना.

सासू : कसं थरथरतंय गं! जिवंत असल्यासारखं.

ऑपरेटर : आजी, ते बंद आहे. बोल्ट बघायला मीच मघाशी बंद केलंय.

सासू : असू दे. राहू दे माझा हात.