खणावरचं बटण

जुन्या पेठेतल्या त्या दुकानात प्रत्येक खणावर आतल्या मालाचा नमुना टाचलेला असे. सुतळी घ्यायला आलेल्या नर्सबाई रांगेत उभ्या होत्या. पुढे एका काकूंची आणि दुकानदाराची जुंपली होती, तिकडेच त्यांचे कान.

"अहो, खण रिकामा आहे. नमुन्याचं तेवढं एक बटण उरलंय."

"मग तेच द्या की! उद्या मुलगा ह्यांचा कोट घालून मुलाखतीला जातोय, आणि त्याचं बटण फुटलंय."

"नमुना काढला, तर खणात काय आहे ते कळणार कसं?"

"काय आहे खणात?"

"काही नाही."

"मग?"

दुकानदाराने कात्री उचलली.

"तुमचं फुटकं बटण ठेवून जा."

"ते कशाला आता?"

"खणावर लावतो. काय संपलंय, ते तरी कळायला नको?"

नर्सबाईंनी मान वर केली. वरच्या दोन्ही ओळींत सगळे नमुने फुटकेच होते.