ताईची, रोज सकाळी

नाही, जागा तुमचीच आहे, बसा — म्हणजे खरं तर उठाच, पण सावकाश, मी तुम्हाला बाकावरून उठवतोय असं समजू नका. तुम्ही म्हणालात ना, समोरची लॅब आठला उघडते, रक्त द्यायचंय, उपाशी आहात — मग बरंच झालं, भरल्या पोटी हे करूही नये. काय करायचं म्हणजे? काही नाही. माझ्या शेजारी उभं राहायचं, मी हात हलवीन तसा हलवायचा, थोडा वेळ. माझी बहीण येतेय. व्हीलचेअरवर. माझी मुलगी रुचिरा पुण्याहून आलीय, तिने काल जाहीर करून टाकलं, आत्याला बाहेर काढलंच पाहिजे — आणि आत्ता फोन आला तो तिचाच, पंतनगरहून निघाल्या म्हणून. बहिणीला तिचा क्लास बघायचाय. आणि क्लास — आता तुम्हीच बघा, आहे का इथे कोणी? तुम्ही आणि मी. फसवाफसवी नाही हो. म्हणजे आहे. थोडी आहे.

ती पाटी दिसते? कुंपणाला, गंजलेली. ‘ताईची, रोज सकाळी’. मूळ शब्द ताई ची — चिनी कसरत, मारामारीचेच हातवारे, पण पाण्याखाली केल्यासारखे संथ — पेंटरने दोन्ही शब्द जोडून टाकले. आणि आमची कुंदाताई, म्युनिसिपल शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली, तिला आख्खं पंतनगर ताईच म्हणतं. मग लोक विचारायचे, ताईची काय? कोणी म्हणायचं ताईची कसरत, कोणी ताईची शाळा, एक बाई तर भिशी समजून आल्या होत्या. मी म्हटलं, अगं, दुरुस्त करून घेऊ, हा ची म्हणजे षष्ठीचा प्रत्यय नव्हे — आणि तळहातात खेळते म्हणतात ती ऊर्जा, तिलाही ची म्हणतात, पण ती ची वेगळी, चिनीत तिचं अक्षरच वेगळं, मी वाचलंय — अर्थात मी काय, संख्याशास्त्राचा माणूस, चुकतही असेन. तर ताई म्हणाली, राहू दे रे अंबादास, माझीच आहे ती. हसली नाही हं. पीटीच्या बाई हसत नाहीत.

आणि घोळ तिथेच झाला. मे महिन्यात ताई बाथरूममध्ये पडली — आता बघा, लोकांना तोल सांभाळायला शिकवणारी बाई — खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर पाय काही तिने जमिनीला टेकवला नाही. आणि लोक येईनात. का? तर ताईची कसरत, ताईच नाही तर कसरत कुठली. बरोबरच आहे त्यांचं. तो चिनी शब्द आहे, तिचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी आधीच ठासून सांगितलं असतं तर — असो. मी चालवून बघितला. समोर उभा राहिलो, तर क्लासातलाच नंदकुमार मला म्हणतो, ‘सर, तुम्ही उभे राहिलात की पेपर वाटणार असं वाटतं.’ तो आता पलीकडे, स्पीकर लावून झुंबा चालतो ना, त्यात असतो. तो बघा, हिरवा टी-शर्ट. नको, हाक नका मारू. मी काल मारली. म्हणाला, यार सर, इकडे घाम तरी येतो.

मग ताईला काय सांगायचं? मी घरात शिरलो की ती पलंगावरून विचारते, हजेरी? शाळेची सवय. पहिल्या दिवशी मी म्हटलं, सगळे होते. एका दिवसापुरतं म्हटलं. दुसऱ्या दिवशीही सगळे, तिसऱ्या दिवशीही सगळे, तेव्हा ती माझ्याकडे बघायला लागली — मग मी एखाद्याला गैरहजर ठेवायला लागलो. नंदकुमारला सर्दी, कोणाकडे पाहुणे. आयुष्यभर मुलांना सांगत आलो, आकडे फार गुळगुळीत आले तर समजा, घरी बसून लिहिलेत. ते असं उपयोगी पडलं. इथले लोक भेटायला आले तेव्हा कोणी बोललं नाही, आजारी माणसाला कोण सांगतं, आणि नंतर येणंही थांबलं. राजाराम म्हणून होते एक, कणकवलीकडचे, पूर्वी गिरणीत होते — ‘मास्तर, ह्यां तर पाण्याबिगर पोहणां झालां’ म्हणत कायम पहिल्या रांगेत — ते गणपतीच्या आधी वारले. मी घरी आलो तर ताईने विचारलं, राजारामचा गुडघा कसाय? मी म्हटलं, बराय. तेव्हापासून ते रोज हजर. त्यांना गैरहजर ठेवता येत नाही. ठेवलं तर विचारणार, का नाही आला.

सांगून टाका? सोपं आहे हो म्हणायला. दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून असते. हजेरीपुरती उठून बसते, उशीला टेकून, केस नीट करून — सगळी नावं ऐकते, मग चहा घेते, मग पोळी. हजेरीच नाही म्हटल्यावर ती उठून कशासाठी बसेल? तुम्हीच सांगा. म्हणून दोन माणसं हवीत. तिला मोतीबिंदू आहे, लांबून माणसं मोजता येतात, ओळखता येत नाहीत. दोघं दिसले तर क्लास आहे. एकटा दिसला तर म्हातारा हातवारे करतोय.

वाईट वाटत असेल? — तेच तर मी शोधतोय. वाटायला हवं. वर तिचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी खाली कँटीनमध्ये इडली खाल्ली. चांगली होती इडली. ते आठवतं, डॉक्टर काय म्हणाले ते नाही आठवत. राजारामच्या घरी गेलो, त्यांच्या मुलाचा हात हातात घेतला आणि मनात आलं, पंखा आवाज करतोय. आणि याच बाईने मला जालन्याहून इथे आणलं, स्वतःच्या पगारावर शिकवलं, लग्न नाही केलं — नाही, माझ्यासाठी नाही, विचारलंत तर म्हणेल, कोणी झेपला असता का मला — पण माझी बी.एस्सी. ताईची, माझी पीएचडी ताईची, राहतो ती खोली ताईची. आणि आत काही हलत नाही. दात काढताना इंजेक्शन देतात ना, मग आपण गालाला हात लावून बघतो आणि तो दुसऱ्याच कोणाचा तरी गाल असतो. तसं. सगळीकडे तसं. तुम्हाला कधी झालंय? नाही. नसेलच झालं.

बरं, उभे राहा. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, गुडघे सैल. सगळं वजन डाव्या पायावर — आता उजवा रिकामा. भरलेला पाय, रिकामा पाय, हे ताईचे शब्द. पाऊल नेहमी रिकाम्या पायाने टाकायचं. छान, जमतंय तुम्हाला. आता हात वर, पाण्यावर तरंगल्यासारखे. खाली. आता ढग सारायचे, एका हाताने, मग दुसऱ्या — थांबा. कंबर आधी वळते की हात? हात. नाही, कंबर. खरं सांगू का, मी करत नाही. लोक येईनात तेव्हापासून मीही सोडलं. इथे बसतो, याच बाकावर, झुंबा संपला की घरी जातो आणि नावं सांगतो. ढगांच्या पुढचं मला आठवत नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही आपले ढगच सारत राहा. आणि नाव विचारलं तर नंदकुमार सांगा — नको, तो ठेंगणा आहे. राजाराम सांगाल? उंची तीच आहे. नाही, नको, हे भलतंच काहीतरी बोललो मी. काही सांगू नका.

आल्या. फाटकाशी, निळी शाल. फाटकात ते खांब रोवलेत ना, खुर्ची आत येत नाही. रुचिरा कोणाला तरी बोलावतेय — नंदकुमारच गेला की. हा कशाला गेला. उचलली खुर्ची त्याने, ठेवली आत. आता ती त्याला विचारणार, तू इथे काय करतोस, क्लास सुरू झालाय ना. विचारतेय. तो इकडे बघतोय. हात खाली घेऊ नका, सारत राहा, कृपा करा. तो सांगतोय काहीतरी. बराच वेळ सांगतोय. ती मान हलवत नाही, नुसती बघतेय इकडे, डोळ्यांवर हात धरून — मोजतेय. आता बोट केलं तिने. त्याला. इकडे जा म्हणून. नंदकुमार येतोय बघा, मान खाली घालून, पोरासारखा. तुमच्या मागे उभा राहील, जागा द्या त्याला जरा.

ऐकलंत? गुडघा सैल सोड, म्हणाली. तुम्हाला नाही, मला. खुर्ची अजून पुढे आणायला सांगतेय. पहिल्या रांगेत राजारामची जागा मोकळी ठेवायला हवी होती — राहू दे, आता सांगत बसत नाही. क्लासात बोललेलं तिला चालत नाही.