डालग्याखालची कोंबडी

आमची मावशी खोटं बोलायची नाही, पण ते शिपायाला कुठून ठाऊक असणार? इंग्रजांच्या काळात साहेबाचा तंबू प्रकाशा गावाला पडला की हा शिपाई आसपासच्या गावांतून फुकटात कोंबड्या उचलायचा. आला तेव्हा मावशी घरात डालग्याखालच्या कोंबडीला लसूण-हळदीच्या गोळ्या भरवत होती. कोंबडीचा तुरा काळवंडलेला, मान आखडलेली.

"अंगणनी एखादी लई जाय, भाऊ. हाई आजारी शे."

"जाईन त्या गावात कोंबड्या आजारीच," शिपाई म्हणाला. "आजारी कोंबडीला घरात दडवून कोण भरवतं? ही चांगली धडधाकट आहे." आणि तीच घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी कोंबडी काखेत मारून परत. "बाई, हिला पांढरी हगवण लागलीय. खानसाम्याने मलाच शिव्या घातल्या. बदलून दे."

मावशीने कोंबडी उलटीपालटी करून पाहिली.

"हाई मन्ही नई. मन्ही धडधाकट व्हती, तूच काल सांगं ना. पहिले मन्ही कोंबडी आनी दे, मंग बोल."