गळक्या नळाची पीएचडी

टप... टपटप... टप. माण गावातल्या आमच्या घरी भाड्यानं दिलेल्या खोलीतला नळ असा गळायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खोलीत लातूरचा विनायक राहायचा, गणितात पीएचडी करायचा. गुणी पोरगा, कधी तक्रार नाही. म्हणून तो बाहेर गेल्यावर मी आपणहून नळाला नवं वायसर बसवलं.

संध्याकाळी बघतो तर विनायक नळासमोर उकिडवा बसलेला, रडवेला.

"काका, नळाला हात कोणी लावला?"

"मीच की. आता एक थेंब पडायचा न्हाई."

"अहो, थेंबच हवे होते! दोन थेंबांमधला वेळ दर वेळी बदलतो, तो मोजून गणित मांडतोय मी. माझी पीएचडीच त्यावर आहे."

"गळक्या नळावर?"

"हो."

जुनं वायसर मी फेकून दिलं होतं. नळ जरा सैल सोडून पाहिला, तर थेंब एका तालात पडू लागले.

"असे नकोत, काका. ह्यात शोधायचं काय?"

पोरगं पार खचलं. शेवटी मी त्याला आमच्या मोरीतल्या गळक्या नळापाशी नेलं. त्यानं कान दिला, घड्याळ पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"काका, हा तर त्याहून बेभरवशाचा! दोन वर्षं तरी दुरुस्त करू नका."

"घे, आजपासून ह्यो तुजाच."

मागे माझी बायको हौसा हंडा घेऊन उभी होती. तो नळ दुरुस्त करा म्हणून ती सात वर्षं माझ्या मागे लागली होती. तिनं आधी नळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हंडा तिथंच आदळून निघून गेली.