साहेबाचा विडा

— असू द्या हो तलवार कमरेला, सर्जेराव! काढून घ्यायचा हुकूम नाही. उलट साहेब म्हणतात, मकबूल, सरदारांच्या तलवारीला हात लावायचा नाही, त्यांना वाईट वाटतं. खडकीला तोफा डागताना कुणाला काय वाटेल ते विचारलं नव्हतं, ते जाऊ द्या.

अहो, जिंकावं तर असं! शनिवारवाड्यावर या इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा आम्ही दाराला कड्या लावून बसलो — आता लूट होणार, जाळपोळ होणार. माझ्या बायकोनं, नजमानं तर दागिने पिठाच्या मडक्यात घातले. आणि झालं काय? दवंडी पिटली — सगळं पूर्वीसारखंच चालेल! देवळं आहेत तशी, मशिदी आहेत तशा. मला तर घरून बोलावून नेलं. पेशव्यांचा भालदार होतास ना? मग आता आमचा हो. तीच काठी, तीच ललकारी — नाव तेवढं बदललं. सुरुवातीला जिभेवर जुनंच यायचं, घाम फुटायचा. आता नाही येत.

आपले धाकटे बंधू? हो, आहेत अजून कैदेत. तब्येत बरी नाही म्हणतात. बोला की साहेबांशी — म्हणजे, बोलू दिलं तर. कसं आहे, साहेब एकदा वैतागून म्हणाले, हे लोक नाही म्हटलं तरी उठत नाहीत, रडतात; तुमचे श्रीमंत काय करायचे? मी म्हटलं, अत्तर लावून विडा द्यायचे. विडा हातात पडला की भेट संपली. पुढं अक्षर काढणं म्हणजे बेअदबी. साहेब काय खूश झाले! आता माणूस आला रे आला की विडा. आपले लोक बाहेर येऊन हसतात — बिचाऱ्याला रीत कळत नाही, शेवटचं आधी करतो! कळते हो त्याला. चांगली कळते. मीच तर —

असे बघू नका माझ्याकडे. मी कुणावर तोफ डागली? हे बघा, एक करा. हात मागं बांधून उभे राहा, विडा घेऊच नका, आधी बंधूंचं नाव काढा. मी सांगितलं म्हणू नका म्हणजे झालं.

काय रे पोरा? विड्याचं तबक इथंच, दाराबाहेर? साहेब भेटणार नाहीत?... बरं.

सर्जेराव, साहेबांनी आपली आठवण काढलीय. हा विडा —

घेतलात? अहो, आत्ताच तर सांगितलं! आणि मुजराही केलात... त्या बंद दाराला?

जोडे डावीकडं आहेत. चला, पुढचे कोण?